पहिल्या मॉड्युलर सिंथेसायझरची आखणी : स्वरप्रयोगांच्या दृष्टीने काही विचार

मॉड्युलर सिंथेसायझर हे वस्तुतः वाद्य नव्हे. वाद्य जुळविण्याची ती सामग्री होय. पेटी किंवा सतार विकत घेणाऱ्याला घडविलेली वस्तू मिळते. येथे मात्र ध्वनी निर्माण करणारा ऑसिलेटर, त्याचा पोत बदलणारा फिल्टर, ध्वनीची तीव्रता आवरणारा ॲम्प्लिफायर आणि ह्या सर्वांना आज्ञा देणारे निरनिराळे भाग सुटे असतात. कोणता भाग घ्यावयाचा आणि कोणाची तार कोणास जोडावयाची, हे अभ्यासकाने स्वतः ठरवावयाचे असते. त्यामुळे पहिला संच आखताना होणारी चूक ही केवळ पैशाची चूक राहत नाही. संचात जे नाही ते वाजत नाही, आणि जे वाजत नाही त्याचा विचारही हळूहळू मागे पडतो.

पहिल्या संचाचा विचार बहुधा ध्वनीच्या वैचित्र्यापासून सुरू होतो. ऑसिलेटर किती, फिल्टर कोणत्या जातीचा, प्रतिध्वनीची सोय आहे की नाही, असे प्रश्न आधी विचारले जातात. ज्याला ध्वनिरंगांचे प्रयोग करावयाचे आहेत त्याच्या दृष्टीने ते योग्यही आहेत. परंतु ज्याचे लक्ष स्वरावलीकडे आहे, एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाण्याच्या मार्गाकडे आहे, त्याच्यापुढील पहिला प्रश्न वेगळा आहे : ह्या यंत्रात स्वराची आज्ञा कशी दिली जाते, आणि ती ऑसिलेटरपर्यंत किती शुद्ध रूपात पोहोचते?

रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली जे यंत्र पुढे आणले, त्याचे मर्म ह्या आज्ञेतच होते. विद्युद्दाब एक व्होल्टने वाढविला की कंपनसंख्या दुप्पट व्हावी, म्हणजे स्वर बरोबर एक सप्तक वर जावा, अशी योजना त्यांनी स्वीकारली. मंद्र सप्तक असो वा तार, एका व्होल्टला एक सप्तक हे प्रमाण कायम राहते. दाबांची बेरीज केली की स्वरान्तरांची बेरीज आपोआप होते. कानाचा व्यवहारही असाच गुणोत्तरांचा असल्यामुळे ही योजना टिकली. डीटर ड्योपफर यांनी १९९० नंतरच्या दशकात जर्मनीत ए-१०० ही मालिका काढून लहान आकाराच्या मॉड्यूलचा जो प्रघात पाडला आणि जो पुढे युरोरॅक म्हणून सर्वत्र रूढ झाला, त्यातही हाच नियम आहे. मूग यांचे समकालीन डॉन बुक्ला यांनी आपल्या पुढील यंत्रांत सप्तकास १.२ व्होल्ट हे प्रमाण धरले. त्यात एका सेंटला, म्हणजे सप्तकाच्या १२०० व्या भागाला, नेमका एक मिलिव्होल्ट पडतो. हिशेबाला हे प्रमाण सुटसुटीत खरे. परंतु बाजारात ते मागे पडले, आणि दोन्ही प्रघातांची सरमिसळ पहिल्या संचात न केलेली बरी.

हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या विद्यार्थ्याने असा संच जुळविण्याचे मनात आणले, तर त्याच्या कानाला आधीपासून कोणते संगीत ठाऊक आहे ह्याचा विचार आखणीत यावयास हवा. कयाधूच्या काठचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत, आणि ती तेथे रागवार लावलेली आहेत. औंढा नागनाथाच्या देवळाविषयीची आख्यायिका सर्वश्रुत आहे : नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागील बाजूस जावयास लावले, तेव्हा देऊळच फिरले. आख्यायिकेचा इतिहास म्हणून विचार येथे करावयाचा नाही; ह्या भूमीत गायनाची प्रतिष्ठा किती होती एवढे त्यावरून कळते. आजही वारकरी कीर्तनात विणेकरी वीणा गळ्यात घेऊन उभा असतो. त्या विणेवर कोणी रागविस्तार करीत नाही. तिच्या मोकळ्या तारा छेडून षड्जाचा आधार अखंड ठेवावयाचा, आणि गाणाऱ्याने त्या आधाराशी आपला स्वर ताडून पाहावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. एक स्वर स्थिर आणि दुसरा फिरता, ह्या दोहोंच्या संबंधातून आपल्या संगीतातील स्वररचना उभी राहते.

त्याच मंडळात बाजूला पेटी असते. पेटीच्या पट्ट्या सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेल्या असतात. वाजवताना ध्यानात येत नाही. पण गायकाने गंधार लांबवला आणि पेटीवाल्याने तीच पट्टी धरून ठेवली की दोहोंत काहीतरी खटकते. हे खटकणे काय आहे, ह्या प्रश्नाचा पाठपुरावा महाराष्ट्रात शंभरांहून अधिक वर्षे चालला आहे. आजच्या सिंथेसायझरची आखणी करणाऱ्याला त्या प्रयत्नांचा इतिहास फार उपयोगी पडण्यासारखा आहे.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी बावीस श्रुतींची मापे गणिताने व प्रयोगाने निश्चित करण्याचा ध्यास घेतला. अब्दुल करीम खाँसाहेबांचे गायन हा त्यांच्या प्रयोगांचा आधार होता. त्यांचे ह्या विषयावरील इंग्रजी पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स ह्यांना ही उपपत्ती पटली, आणि दोघांच्या प्रयत्नांतून श्रुतींची पेटी तयार झाली. सप्तकातील पट्ट्या वाढवून प्रत्येक श्रुतीला स्वतंत्र जागा द्यावयाची, असा तिचा रोख होता. १९१६ साली बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा ही पेटी विद्वानांपुढे मांडली गेली. पण जमलेल्या गायक-पंडितांना ती मान्य झाली नाही. पुढे १९३८ साली ग. ह. रानडे ह्यांनी हिंदुस्थानी संगीताचे पदार्थविज्ञान व सौंदर्य ह्यांवर पुस्तक लिहून ह्या चर्चेला अधिक शास्त्रीय बैठक दिली. १९४० साली रेडिओने पेटीलाच दार बंद केले; ते १९७१ पर्यंत पुरते उघडले नाही. अलीकडे डॉ. विद्याधर ओक ह्यांनी पुन्हा बावीस श्रुतींची संवादिनी सिद्ध केली आहे. म्हणजे प्रश्न संपलेला नाही.

देवलांचा प्रयत्न सर्वमान्य का झाला नाही, ह्याची कारणे व्यक्तिगत व सामाजिकही असतील. तथापि एक कारण यंत्राच्या रचनेतच आहे. बारा पट्ट्यांच्या जागी बावीस पट्ट्या केल्या तरी पट्टी ती पट्टीच. प्रत्येक पट्टी एका ठिकाणी उभी राहते आणि दुसरीकडे जाण्यासाठी उडी मारावी लागते. गाणाऱ्याचा स्वर असा उभा राहत नाही. १९६३ साली जयराजभॉय आणि स्टोन ह्या संशोधकांनी उत्तर हिंदुस्थानी गायनवादनाची यंत्राने मोजमापे घेतली, तेव्हा एकाच कलावंताचा तोच स्वर एकाच बैठकीतही निरनिराळ्या जागी लागतो असे त्यांना आढळले. तेव्हा अधिक पट्ट्या हे उत्तर अपुरे आहे. पट्ट्यांमधील जागा मोकळी ठेवणारे आणि तिच्यातून इच्छेप्रमाणे फिरू देणारे साधन हवे. मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये स्वराची आज्ञा हा अखंड बदलता येणारा विद्युद्दाब असल्यामुळे ही शक्यता त्यात मूळचीच आहे. ती राखावयाची की पहिल्याच खरेदीत बुजवून टाकावयाची, हे आखणी करणाऱ्याच्या हाती असते.

भारतात हे यंत्र प्रथम आले ते अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत, १९६९ साली. गीता साराभाई ह्यांच्या पुढाकाराने आणि अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर ह्यांच्या साहाय्याने तेथे मूगचा संच व ध्वनिफितींची यंत्रे असलेला स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा ह्यांनी तेथे केलेल्या रचनांच्या फिती अनेक वर्षे विस्मृतीत पडल्या होत्या. १९६९ ते १९७२ ह्या काळातील निवडक फिती २०२३ साली प्रकाशात आल्या. मुंबईत चरणजितसिंग ह्यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यातील रोलँडच्या टीबी-३०३ ह्या लहानशा यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे, पण त्या घसरण्याचा वेग ठरीव आहे. ती ध्वनिमुद्रिका ऐकताना रागाचे चलन ओळखू येते; मींड मात्र सर्वत्र एकाच वळणाची लागते. ह्यात वादकाचे उणे काढण्यासारखे काही नाही. यंत्राने जे दिले त्याच्या मर्यादेत त्याने उत्तम काम केले आहे.

आता मोजमापाकडे वळले पाहिजे, कारण आखणीतील बहुतेक निर्णय अखेर काही मिलिव्होल्टांच्या प्रश्नावर येऊन ठेपतात. सप्तकास एक व्होल्ट धरल्यास बारा समान भागांपैकी एका भागाला ८३.३ मिलिव्होल्ट आणि एका सेंटला ०.८३ मिलिव्होल्ट पडतो. षड्ज शून्य व्होल्टवर ठेवला तर ३:२ ह्या गुणोत्तराचा शुद्ध पंचम ०.५८५० व्होल्टवर येतो, पेटीचा पंचम ०.५८३३ व्होल्टवर. फरक पावणेदोन मिलिव्होल्टांच्याही आतला आहे. गंधाराच्या बाबतीत तो बराच मोठा : ५:४ चा गंधार ३८६.३ सेंटवर असतो आणि पेटीचा ४०० वर, म्हणजे अंतर सुमारे ११.४ मिलिव्होल्टांचे. ८१:८० ह्या गुणोत्तराची प्रमाणश्रुती २१.५ सेंटांची, म्हणजे सुमारे १८ मिलिव्होल्टांची.

ही अंतरे कानाला कशी कळतात? षड्ज २४० कंपनांचा घेतला तर शुद्ध गंधार ३०० चा, आणि पेटीचा ३०२.४ च्या आसपासचा. षड्जाचा पाचवा अंशस्वर १२०० वर असतो. शुद्ध गंधाराचा चौथा अंशस्वरही १२०० वरच येतो आणि दोन्ही एकरूप होतात. पेटीच्या गंधाराचा चौथा अंशस्वर मात्र १२०९.५ वर जातो, आणि सेकंदास साडेनऊ डोल ऐकू येतात. भजनात खटकते ते हेच. पंचमाच्या बाबतीत हिशेब केला तर सव्वा सेकंदाला एक एवढा मंद डोल मिळतो. तो तंबोऱ्याच्या गुंजनात सहज विरून जातो. म्हणून पेटीच्या पंचमाविषयी कोणी तक्रार करीत नाही आणि गंधाराविषयी करतात.

ह्यातून ऑसिलेटरच्या निवडीविषयी एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो, आणि तो पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. डोल अंशस्वरांमुळे ऐकू येतात. ज्या तरंगात अंशस्वरच नाहीत त्या शुद्ध ज्यातरंगाने स्वर जुळविण्याचा प्रयत्न केला तर कानाला पकडावयाला काही उरत नाही. चौकोनी व त्रिकोणी तरंगांत फक्त विषम अंशस्वर असतात; गंधाराचा चौथा व पंचमाचा दुसरा अंशस्वर त्यांत नसतोच. तेव्हा स्वर जुळविण्याच्या कामी करवती तरंग घ्यावा, जुळणी झाल्यावर फिल्टरने तो हवा तेवढा मऊ करावा. पहिल्या संचातील दोन्ही ऑसिलेटर करवती तरंग देणारे असले पाहिजेत. त्यांच्या इतर करामती दुय्यम होत. दोन पुरेत. एक आधारस्वरासाठी, दुसरा फिरत्या स्वरासाठी. आधार अधिक भरदार हवा असेल तर इलेक्ट्रॉनिक तानपुरा शेजारी ठेवावा. १९७९ पासून बेंगळूरुत ते तयार होत आले आहेत, आणि तिसऱ्या-चौथ्या ऑसिलेटरचा खर्च त्यामुळे वाचतो.

आज्ञा शुद्ध असली तरी वाटेत ती बिघडण्याची तीन ठिकाणे आहेत. पहिले, अंकीय यंत्रातून दाब बाहेर पडण्याची जागा. पाच व्होल्टांचे २५६ भाग करणारा आठ-बिटी परिवर्तक घेतला तर त्याची एक पायरी साडेएकोणीस मिलिव्होल्टांची, म्हणजे प्रमाणश्रुतीहूनही मोठी होते. अशा यंत्रावर श्रुतींचे प्रयोग करणे म्हणजे हाताने वीत घालून केस मोजण्यासारखे आहे. दहा व्होल्टांवरील बारा-बिटी परिवर्तकाची पायरी तीन सेंटांच्या जवळपास येते. काम चालते, पण संथ मींडेत पायऱ्या जाणवू शकतात. सोळा बिटांत पायरी एका सेंटाच्या पाचव्या भागाहूनही लहान होते आणि प्रश्न मिटतो. विक्रेत्याच्या जाहिरातीत हा आकडा ठळकपणे दिलेला नसतो. तो विचारून घ्यावा.

दुसरे ठिकाण अगदी साधे आहे आणि म्हणूनच फसवे. एकच दाब दोन ऑसिलेटरना द्यावयाचा असला की नवशिका नुसती तार फोडून दोहोंना जोडतो. आज्ञा देणाऱ्या मॉड्यूलचा अंतर्गत रोध एक किलोओम व घेणाऱ्याचा शंभर किलोओम असेल, तर एका ऑसिलेटरच्या जोडणीत दाबाचा सुमारे शंभरावा भाग गळतो. दुसरा जोडताच आणखी तेवढाच. एका सप्तकामागे बारा सेंटांची तूट म्हणजे शुद्ध आणि पेटीच्या गंधारातील अंतराएवढी चूक झाली. विद्यार्थी ऑसिलेटरला दोष देत बसतो आणि चूक तारेत असते. दाब न गळू देता त्याच्या प्रती काढणारे बफरयुक्त मॉड्यूल आकाराने लहान आणि दिसावयास नीरस असते. पहिल्या यादीत ते वरच्या बाजूस असावे.

तिसरे ठिकाण हवामानाचे. ॲनालॉग ऑसिलेटरमध्ये दाबाचे कंपनसंख्येत घातांकी रूपांतर ट्रान्झिस्टर करतो. त्याच्या आतील मापाने एक सप्तक म्हणजे सुमारे अठरा मिलिव्होल्ट, आणि हे माप निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलते : दर अंशाला एक तृतीयांश टक्का. भरपाईची काही योजना नसेल तर खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढताच सप्तक १२०० सेंटांऐवजी सुमारे ११६० सेंटांचे होऊन बसते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पहाटे जुळविलेला संच दुपारी तसाच राहील अशी अपेक्षा धरता येत नाही. ह्यासाठी चांगल्या ऑसिलेटरमध्ये तापमानाबरोबर वाढणारा विशेष रोधक बसविलेला असतो. तो आहे की नाही हे पाहून घ्यावे, आणि तो असला तरी वाद्य अर्धा तास तापू द्यावे. वीज जाऊन आली की ही प्रतीक्षा पुन्हा आली. अंकीय ऑसिलेटरला हा रोग नाही. फिरत्या स्वरासाठी अंकीय व आधारासाठी ॲनालॉग अशी जोडी निवडण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. विणेकरीही मधूनमधून खुंटी पिळतोच.

येथवर स्वर जागेवर कसा लागेल ते पाहिले. तो जागेवरून हलवावयाचा कसा, हा अधिक नाजूक प्रश्न आहे. दाबातील बदल मंद करणारे स्ल्यू नावाचे मॉड्यूल मिळते. त्याने उडीची घसरण होते. स्वर नेमून दिलेल्या जागी ओढून बसविणारे क्वांटायझर नावाचे दुसरे मॉड्यूल असते. ह्या दोहोंचा क्रम निर्णायक आहे. आधी क्वांटायझर व नंतर स्ल्यू लावला तर मींड मिळते. उलट लावले तर तीच मींड मधल्या प्रत्येक स्वरावर अडखळत जाते आणि पेटीवर बोट फिरवल्यासारखी ऐकू येते. मॉड्यूल तीच, खर्च तोच. केवळ तारांच्या क्रमाने संगीत बदलते. पण स्ल्यूची मींड ही अखेर यंत्राच्या ठरीव वळणाची. गायक षड्जावरून मध्यमावर जाताना वाटेत गंधाराजवळ रेंगाळतो, शेवटी एकदम चढतो. हे वळण हातानेच काढता येते. त्यासाठी ज्यावर बोट सरकवता येईल अशी पट्टी, जिला रिबन म्हणतात, किंवा बोटाच्या जागेप्रमाणे व भाराप्रमाणे दाब देणारा स्पर्शफलक घ्यावा. मूग यांच्या यंत्रांबरोबर अशी रिबन मिळत असे, आणि बुक्ला यांनी पियानोसारख्या पट्ट्या नाकारून स्पर्शफलकाचाच आग्रह धरला होता. पट्ट्यांचा कीबोर्ड पहिल्या संचात घेऊ नये, असे स्पष्ट म्हणावयास हरकत नाही. तो हाताला सोपा असतो, आणि त्याचा धोकाही त्या सोपेपणातच आहे.

वळणाचे महत्त्व समजावून देणारे एक उदाहरण भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला जवळचे वाटेल. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ह्या गुरुत्वीय तरंगांच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मंजुरी दिली. अशा वेधशाळांनी २०१५ साली अमेरिकेत प्रथम टिपलेल्या तरंगाची कंपनसंख्या सुमारे एक पंचमांश सेकंदात ३५ वरून २५० पर्यंत चढली. ही कक्षा श्राव्य आहे. सप्तकांच्या भाषेत ही पावणेतीन सप्तकांहून थोडी अधिक चढण. पण ती सरळ रेषेत होत नाही, आरंभी संथ आणि शेवटी अतिशय वेगाने होते. तेवढेच अंतर तेवढ्याच वेळात स्ल्यूच्या सरळ रेषेने चढवून पाहिले, तर कान दोहोंना भिन्न घटना मानतो. प्रयोगशाळेत करून पाहण्यासारखी ही गोष्ट आहे.

आंदोलनाचेही असेच. दरबारी कानड्याच्या गंधाराचे संथ आंदोलन यंत्रावर काढावयाचे झाल्यास मंद कंपनांचा ऑसिलेटर लावतात. त्याचा दाब सामान्यतः पाच व्होल्टांपर्यंत वरखाली होतो, म्हणजे स्वर पाच सप्तके वर आणि पाच सप्तके खाली. वीस सेंटांचे आंदोलन हवे असेल तर हा दाब तीनशेव्या हिश्श्यावर आणला पाहिजे. एका बटणाने हे साधत नाही. बटण शून्यापासून केसभर सरकले की आंदोलन बेफाम होते. दोन क्षीणक एकामागोमाग जोडले की दुसऱ्याच्या संपूर्ण फिरकीत इष्ट कक्षा हाती येते. क्षीणकांची किंमत मॉड्यूलांत सर्वांत कमी असते, आणि स्वरप्रयोग करणाऱ्याला त्यांची गरज सर्वांत जास्त पडते.

क्वांटायझरविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण राग त्यात भरता येतो असा समज सहज होतो. त्यात भरता येतात ते स्वर. भूप आणि देशकार ह्या दोहोंना सा रे ग प ध हेच पाच स्वर लागतात. भूपात गंधार वादी, देशकारात धैवत. क्वांटायझरच्या दृष्टीने मात्र दोन्ही एकच. यदृच्छेने दाब देऊन ह्या पाच स्वरांत सूर निर्माण केले तर जे मिळते ते भूपही नव्हे आणि देशकारही नव्हे. देसमध्ये आरोहात शुद्ध निषाद व अवरोहात कोमल निषाद येतो; म्हणजे कोणता निषाद हे स्वराच्या जागेवर नव्हे, तर दिशेवर ठरते. हे यंत्राला शिकविता येते, आणि ते शिकविणे हाच खरा प्रयोग आहे. आलेल्या दाबाची किंचित उशिराने काढलेल्या त्याच्याच प्रतीशी तुलना करावी. तुलनेत चढ दिसला तर एक स्वरसंच व उतार दिसला तर दुसरा, असे बदलते ठेवावे. स्ल्यू, तुलनक आणि इलेक्ट्रॉनिक स्विच अशा तीन साध्या मॉड्यूलांत हे होते. भातखंड्यांच्या दहा थाटांची वर्गवारी ह्या यंत्रावर काही मिनिटांत मांडता येते. एका देसच्या निषादाला मात्र संध्याकाळ लागते.

क्वांटायझर घ्यावयाचाच तर ज्यात प्रत्येक स्वराची जागा सेंटांत बदलता येते असा घ्यावा. बारा समान भागांशीच बांधलेला क्वांटायझर म्हणजे पुन्हा पेटीच होय.

फिल्टर एक पुरे. उच्च अंशस्वर कापणारा कोणताही चालेल. ॲम्प्लिफायरही एकच, परंतु त्याला आज्ञा स्पर्शफलकाच्या भाराकडून मिळावी. प्रत्येक स्वराला नवा आघात देणारी एन्व्हलपची नेहमीची जोडणी केली की मींडेच्या मध्यावर ठोके पडू लागतात. सिक्वेन्सर, म्हणजे ठरलेले दाब क्रमाने देणारे मॉड्यूल, अलंकार व पलटे बसविण्यास सोयीचे असते, पण त्याची खरेदी दुसऱ्या टप्प्यावर ढकलता येते. प्रतिध्वनीचे मॉड्यूल तर निश्चितच मागाहून घ्यावे. त्याच्या गुंजनात डोल झाकले जातात आणि कानाची शिस्त सैल होते.

ही सारी मॉड्यूले युरोरॅकच्या ८४ एचपी रुंदीच्या, म्हणजे सुमारे ४२७ मिलिमीटरांच्या, एका ओळीत बसतात आणि थोडी जागा मोकळी राहते. ती मोकळीच ठेवावी. खरेदीपूर्वी सर्व जोडणी संगणकावर करून पाहावी. व्हीसीव्ही रॅक हा २०१७ पासून उपलब्ध असलेला कार्यक्रम विनामूल्य मिळतो, आणि त्यात एका व्होल्टला एक सप्तक हाच नियम पाळलेला आहे. त्यात तापमानाचा व दाबगळतीचा त्रास नसल्यामुळे जोडणीची कल्पना बरोबर की चूक एवढेच तेथे कळते. तेवढे कळणेही पुष्कळ आहे. ऑसिलेटर व स्पर्शफलक आधी, मग बफर आणि क्षीणक, मग क्वांटायझर, असा खरेदीचा क्रम ठेवल्यास प्रत्येक टप्प्यावर काही ना काही वाजविता येते.

वीजपुरवठ्यावर काटकसर करू नये. युरोरॅकला अधिक बारा व उणे बारा व्होल्ट लागतात. सर्व मॉड्यूलांच्या प्रवाहाची बेरीज करून तिच्या दीडपट क्षमतेचा पुरवठा घ्यावा, कारण तोकड्या पुरवठ्याचा दाब भाराबरोबर हलतो आणि त्याबरोबर स्वरही हलतो. मॉड्यूलची चपटी केबल लावताना तिची लाल कड उणे बारा व्होल्टांच्या बाजूस आहे हे दोनदा पाहावे. उलट लागलेल्या केबलने मॉड्यूल जळू शकते. संच सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी दुसरे काही न करता एक ऑसिलेटर षड्जावर सोडावा, दुसऱ्याचा करवती तरंग हाताने गंधाराजवळ न्यावा, आणि सेकंदाचे नऊ डोल चार, दोन, एक असे उतरत उतरत थांबेपर्यंत बोट सरकवीत राहावे. जेथे ते थांबतील तेथील दाब मोजून टिपून ठेवावा, आणि दुपारी ऊन वाढल्यावर तो पुन्हा मोजावा.